भिंतीकडे सरकणारी खुर्ची

फरशीवर चार काळी वर्तुळे आहेत. प्रत्येक वर्तुळ कोटाच्या बटणाएवढे. कडेला गडद, मध्ये थोडे फिकट. ओल्या फडक्याने ती जात नाहीत, साबणाने जात नाहीत. एकदा आजींनी त्यांवर लिंबाची फोड घासून पाहिली, तेव्हा लिंबू काळे झाले आणि वर्तुळे होती तशीच राहिली. या चारांच्या पुढे, भिंतीच्या दिशेने, बोटभर अंतरावर आणखी चार वर्तुळे आहेत, पण जरा अंधुक. त्यांच्यापुढे आणखी चार, अधिक अंधुक, आणि अशीच रांग पुढे गेलेली. नीट पाहिले नाही तर ती फरशीची नक्षीच वाटावी.

ती नक्षी नाही, मित्रांनो. त्या माझ्या पावलांच्या खुणा आहेत. मी एक जुनी खुर्ची आहे. खुर्चीला चालता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग ही पावले कशी उमटली, एवढेच मला सांगायचे आहे.

खुर्ची होण्याआधी मी एका बसची जमीन होते. जुन्या बसगाड्यांच्या तळाला जाड लाकडी फळ्या बसवलेल्या असत. चालकाच्या आसनामागच्या तीन फळ्या म्हणजे मी. माझ्यावरून किती जोडे, किती चपला, किती भिजलेल्या छत्र्यांचे थेंब गेले असतील, त्याची मोजदाद नाही. त्या गाडीचे चालक म्हणजे आमचे आजोबा. तेव्हा ते आजोबा नव्हते. डेपोत त्यांना सगळे 'उस्ताद' म्हणत. त्यांच्या गाडीवर कंडक्टर असत ते ठेंगणे, बोलके गृहस्थ. त्यांना सगळे 'मास्तर' म्हणत. मास्तर दोरी एकदा ओढत, तेव्हा घंटी एकदा वाजे आणि उस्ताद गाडी थांबवत. दोनदा वाजली की गाडी निघे. दोघांमध्ये दिवसभरात दुसरे संभाषण नसले तरी चाले. मागे काय चालले आहे हे पाहण्यासाठी उस्तादांना कधी मान वळवावी लागली नाही.

आणि त्यांच्या हातून कधी कोणाला खरचटलेसुद्धा नाही. निवृत्तीच्या दिवशी त्यासाठी त्यांना एक पितळी ढाल मिळाली. त्याच सुमारास आमची गाडीही भंगारात निघाली. डेपोतल्या सुताराने तिच्या तळातल्या माझ्या फळ्या काढल्या, रंधा मारला आणि माझी खुर्ची केली. हात चांगले रुंद ठेवले, म्हणजे चहाची बशी मावावी. उजव्या हातावर लाकडाची एक गाठ होती. ती त्याने तासली नाही. माझे पाय फरशीवर घसरू नयेत म्हणून त्याने जुन्या टायरच्या रबराच्या चकत्या कापून पायांना ठोकल्या. रबर एकाच जागी फार दिवस दाबून राहिले की त्यातला काळा अंश फरशीत उतरतो. जितका काळ अधिक, तितका डाग गडद. तेव्हा ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही.

मला घरी आणले तेव्हा आजींनी कमरेवर हात ठेवून मला आपादमस्तक पाहिले.

"निवृत्त झालात, तरी बस घरी घेऊनच आलात!"

"पूर्ण नाही आणली," आजोबा म्हणाले. "बसायची जागा तेवढी आणली."

बैठकीच्या खोलीत मला माझी जागा मिळाली. डाव्या हाताला खिडकी, उजव्या हाताला दार, आणि समोर, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीलगत शोकेस. शोकेसच्या काचेआड ती पितळी ढाल आणि शोकेसवर पाठीला कुबड असलेला जुना टीव्ही. दाराशेजारी एक खिळा, त्यावर स्कूटरची किल्ली. आजोबा संध्याकाळी माझ्यात बसत. पडद्यावर गाड्यांचा पाठलाग सुरू झाला की त्यांचा उजवा पाय आपोआप फरशीवर ब्रेक शोधी. आजी म्हणत, "अहो, तो पडेल नाही तर मरेल, तुम्ही कशाला ब्रेक दाबताय?"

या घरातली मुलगी औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करते. तिच्या नवऱ्याची नोकरी दूरच्या शहरात. म्हणून ती आपल्या लेकीला घेऊन आई-वडिलांकडेच राहते. लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती जागच्या जागी गोल फिरल्याशिवाय कोणतीही बातमी सांगत नाही. ती पहिल्यांदा उभी राहिली ती माझा पाय धरून. दात येताना तिने माझा डावा हात कुरतडला. ती खूण अजून आहे. तिची आई सकाळी लवकर निघे आणि संध्याकाळी येई. आजींचे गुडघे जिना उतरायला तयार नसत. भिंगरी शाळेत जाऊ लागली, तेव्हा तिला सोडायचे आणि आणायचे काम आजोबांकडे आले. किल्ली खिळ्यावरून काढताना ते म्हणत, "चला, गाडीची वेळ झाली." माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली वर्षे. फरशीवरची पहिली चार वर्तुळे त्या वर्षांची आहेत. म्हणून ती सर्वांत गडद.

मग एके दिवशी आजोबांनी मला धरून बोटभर पुढे ओढले.

"खुर्ची का हलवलीत?" आजींनी विचारले.

"मागे वारा लागतो."

काही महिन्यांनी आणखी बोटभर. "खिडकीतून ऊन येतं." मग आणखी थोडी. "टीव्हीचा आवाज कमी झालाय." दर वेळी कारण निराळे, दिशा मात्र एकच. असे करत करत मी दोन-तीन हात पुढे आले. घरातल्या कोणाला त्यात नवल वाटले नाही. रोज बोटाच्या पेराएवढा वाढणारा वेल जसा घरच्यांना वाढलेला दिसत नाही, तसेच ते होते. पुढे पुढे आजोबा टीव्हीलाच दोष देऊ लागले. "याचं चित्र म्हातारं झालंय. माणसांना तोंडंच राहिली नाहीत." सगळ्यांना ते पटले, कारण टीव्ही खरोखरच जुना होता. बिचारा मुकाट्याने ऐकून घेई.

"आता मोठा टीव्ही घेऊच या, बाबा," मुलगी म्हणाली. तिला नुकतीच बढती मिळाली होती. "भिंतीवर लावायचा. तुम्हाला इथून अक्षर न् अक्षर दिसेल."

त्याच आठवड्यात एका दुपारी मास्तर आले. आजी आत चहा ठेवायला गेल्या. मास्तर समोरच्या स्टुलावर बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले,

"सांगितलंस घरी?"

"काय सांगायचं?"

"डॉक्टर काय म्हणाले ते. शेजारीच बसलो होतो मी, उस्ताद. मला कसलं सोंग दाखवतोस?"

आजोबांचे बोट माझ्या उजव्या हातावरच्या गाठीभोवती गोल गोल फिरत राहिले.

"दिसतं तरी कसं तुला?" मास्तरांनी विचारले.

"कडेचं सगळं दिसतं. खिडकी दिसते, दार दिसतं. जिथे बघावं, नेमका तिथेच डाग. आता तुझ्याकडे बघतोय, तर दोन कान दिसतायत. मध्ये तोंडच नाही."

"नशीबवान आहेस. माझ्या घरच्यांना विचार, रोज हे तोंड बघावं लागतं त्यांना."

दोघे हसले. ते हसू फार टिकले नाही.

मित्रांनो, डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला एक नाजूक पडदा असतो. त्याचा मधला ठिपका सर्वांत तल्लख. वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणसाचा चेहरा ओळखणे, हे सगळे तो इवलासा ठिपका करतो. काही माणसांचा तो ठिपका उतारवयात झिजत जातो. बाहेरून डोळा निरोगी दिसतो, चालता-फिरता येते, आणि म्हणून कोणाला संशयही येत नाही.

"आणि स्कूटर?" मास्तर म्हणाले. "त्यांनी स्पष्ट सांगितलं, गाडी चालवायची नाही."

"रस्ता पाठ आहे मला."

"रस्ता पाठ असेल रे. रस्त्यावरची माणसं कुठे पाठ असतात? आणि मागे पोर बसलेली असते तुझ्या."

"तेच तर! शाळेची गाडी आमच्या बाजूला येत नाही. पोरीला आत्ता कुठे मोठं काम मिळालंय. मी घरी बसलो, तर तिला घरी बसावं लागेल."

"मग मी सांगतो तिला."

"नको!" आजोबांचा हात माझ्या हातावर घट्ट आवळला. "मी सांगेन. टीव्ही येऊ दे आधी. चांगला मोठा आहे म्हणतात. कोण जाणे, त्याच्यावर दिसेलही."

"चष्म्याने होत नाही म्हणाले डॉक्टर. ते टीव्हीने होणार?"

आतून कपबशांचा आवाज आला आणि मास्तर मोठ्याने हवापाण्याचे बोलू लागले. चहा पिऊन जाताना त्यांनी आजोबांच्या खांद्यावर एकदाच बोट टेकवले. एक टकटक. थांब.

टीव्हीची खरेदी या घरात परीक्षेसारखी झाली. मुलगी दुकानात जाऊन आली. तिथल्या विक्रेत्याने तिला पहिला प्रश्न विचारला होता: बसायची जागा आणि भिंत यांत अंतर किती? कारण पडदा किती मोठा घ्यायचा, ते त्यावर ठरते. फार जवळून फार मोठा पडदा पाहिला तर मान आणि डोळे दोन्ही शिणतात. म्हणून तिने मोजपट्टी आणली, भिंगरीला भिंतीशी टोक धरायला लावले आणि माझ्या पाठीपर्यंत अंतर मोजले. प्रयोगशाळेतल्या सवयीने पुन्हा एकदा मोजले. दोन्ही वेळा आकडा तोच आला. मोजमाप अगदी अचूक होते. फक्त ज्या जागेपासून मोजले, तीच जागा सरकलेली होती. मोजपट्टी गुंडाळताना तिची टाच त्या पहिल्या, गडद वर्तुळावर होती. तिने खाली पाहिले नाही.

"बाबा, एवढ्या जवळून मधल्या आकाराचा पुरेल," ती म्हणाली. "सगळ्यांत मोठा घेतला तर डोळ्यांवर येईल म्हणाला तो."

"येऊ दे की डोळ्यांवर. सगळ्यांत मोठा घे."

आजी आतून बाहेर आल्या. "ऐकलं का मी नीट? ज्या माणसाने लग्नानंतर आरसा घेताना 'छोटा पुरे, तोंडच तर बघायचंय' म्हटलं होतं, तो हाच ना?"

"तेव्हा तोंड लहान होतं," आजोबा म्हणाले. सगळे हसले.

तरीही मुलीने थेट मागणी नोंदवली नाही. तिने जुनी वर्तमानपत्रे एकमेकांना चिकटवून मोठ्या टीव्हीच्या मापाचा कागद तयार केला. शोकेस बाजूला सरकवला, जुना टीव्ही जमिनीवर उतरवला आणि कागद भिंतीला चिकटवला, म्हणजे दोन दिवस बघून ठरवता येईल. आजोबा फिरायला गेले होते; बाकी प्रत्येकाने माझ्यात बसून त्या कागदाकडे पाहिले. भिंगरीने त्यावरच्या बातम्या वाचून दाखवल्या. आजी म्हणाल्या, भिंतीला खिडकी पाडल्यासारखे वाटते.

संध्याकाळी आजोबा फिरून आले, माझ्यात बसले, समोर पाहिले आणि म्हणाले,

"अरे वा, लावलासुद्धा! मग बंद का ठेवलाय?"

भिंगरी फिस्सकन हसली, आजी हसल्या, मुलगी तर डोळे पुसायला लागली. "बाबांचं काहीतरीच! कागदाचा टीव्ही चालू करा म्हणे!"

"गंमत केली," आजोबा म्हणाले. त्यांचे तळवे मला ओले लागत होते.

फक्त भिंगरीचे हसणे सगळ्यांच्या आधी थांबले. ती आजोबांकडे पाहत राहिली. गोल फिरली नाही.

टीव्ही आला. दोन माणसांनी तो आडवा न होऊ देता जिन्यावरून वर आणला. शोकेस आता खोलीत मावत नव्हता. तो विकून टाकला. ढाल कापडात गुंडाळून माळ्यावर गेली. किल्लीचा खिळा वायरच्या पट्टीच्या आड येत होता, म्हणून तो उपटून दाराच्या दुसऱ्या बाजूला ठोकला. बसवणाऱ्या माणसाने विचारले, पडद्याचा मध्य किती उंचीवर घ्यायचा? मुलीने आजोबांना माझ्यात ताठ बसवले, त्यांच्या डोळ्यांची उंची मोजली आणि तीच भिंतीवर पेन्सिलीने आखली.

"बाबांच्या अगदी डोळ्यांसमोर आला पाहिजे," ती म्हणाली.

आणि तसाच तो आला. पडद्याचा मध्य बरोबर तिथे आला, जिथे आजोबांना काहीच दिसत नव्हते.

पहिले चित्र पाण्यावरच्या पक्ष्यांचे होते. खोलीभर निळा उजेड पडला. आजींनी टाळ्या वाजवल्या. "पिसं मोजता येतील गं!" मुलगी पडद्याकडे पाहतच नव्हती, ती आजोबांच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

"दिसतंय, बाबा?"

"वा! काय रंग आहेत!" आजोबा म्हणाले.

ते खोटे नव्हते. रंग त्यांना दिसत होते. पक्षी दिसत नव्हते. मी त्यांच्या पाठीला टेकलेली होते. आशा सुटते तेव्हा माणसाची पाठ कशी होते, ते मला कळले.

चारेक दिवसांनी त्यांनी मला भिंतीकडून वळवून खिडकीकडे तोंड करून ठेवले. आता टीव्ही त्यांच्या उजव्या कानाच्या बाजूला आला. ते खिडकीकडे पाहत बसत आणि पडदा डोळ्याच्या कोपऱ्यातून, जेवढा उरला होता तेवढ्यातून, पाहत. तसे पाहिले की पक्षी निदान हलताना दिसत. हे कोणाला कसे कळावे? घरच्यांना दिसे ते एवढेच, की म्हातारा टीव्हीकडून तोंड फिरवून बसतो.

"एवढं मनापासून आणलं मी," मुलगी स्वयंपाकघरात आईला सांगत होती. आवाज दबलेला, पण दार उघडे होते. "त्यांच्यासाठीच ना? एक दिवस सरळ बसून बघितलं नाही. राग आहे का त्यांना माझा? माझ्यामुळे या वयात शाळेच्या फेऱ्या माराव्या लागतात म्हणून?"

"राग कसला? स्वभाव तो. नवीन वस्तूशी वाकडंच असतं त्यांचं."

"मग ती खुर्ची तरी काढू या आई. खोली अडते. सोफा आणू एक, सगळ्यांनाच बसता येईल."

आजोबांनी ते ऐकले. मीही ऐकले. मला माझे दुःख झाले नाही असे म्हणणार नाही. बसची जमीन झाले, खुर्ची झाले, आता जळण व्हायचे, हेही समजू शकते. पण 'राग आहे का त्यांना माझा' हे शब्द कानांवर पडले तेव्हा आजोबा अर्धवट उठले, माझ्या हातांवर भार देऊन. ओठ उघडलेही. मग ते पुन्हा बसले. "परीक्षा होऊ दे भिंगरीची," ते पुटपुटले. आधी टीव्ही यायचा होता, आता परीक्षा व्हायची होती.

दुपारी शाळेतून आल्यावर आजोबा आणि नात एक खेळ खेळत. आजींना वाटे, बस-बस चालले आहे. आजोबा माझ्यात बसत, हात पुढे करून हँडल धरल्यासारखे करत. भिंगरी माझ्यामागे स्टुलावर बसे आणि त्यांच्या पाठीवर बोटाने खुणा करी. दोन टकटक, निघा. एक टकटक, थांबा. डाव्या खांद्याला स्पर्श, डावीकडे कोणी आहे. उजव्या खांद्याला, उजवीकडे.

"आता कोपऱ्यावरचं दुकान," ती सांगे. "आजोबा, समोरून सायकल."

"मग तू काय करशील?"

एक टकटक.

"जोरात कर. हेल्मेटमध्ये बोलणं ऐकू येत नाही मला. पाठीवरचं कळतं."

ती जोरात करी. ते शाबासकी देत. "मास्तर फिके पडतील तुझ्यापुढे!" तेव्हा मला उमगले की हा खेळ नाही, हा सराव आहे. आजोबा ज्या रस्त्याने रोज जात, तिथे आता त्यांच्या मागे बसलेले एक लहान मूल त्यांच्यासाठी रस्ता पाहत होते. आणि भिंगरीने हे कोणालाही सांगितले नव्हते, कारण आजोबांनी तिला म्हटले होते, "हे आपल्या दोघांचं."

हळूहळू ती पोर बदलली. शाळेतून आली की दप्तर टाकून गप्प बसे. बातमी सांगताना गोल फिरणे बंद झाले. आई म्हणे, मोठी झाली हो माझी भिंगरी.

एका दुपारी दोघे घरी आले तेव्हा भिंगरीच्या गुडघ्याला खरचटलेले होते आणि तिच्या हातात स्कूटरचा फुटलेला आरसा होता. आजोबांचा चेहरा राखेसारखा. मुलीला त्या दिवशी अर्धी सुट्टी होती. ती घरातच होती.

"काय झालं?"

आजोबांनी तोंड उघडले. त्याच्या आधीच भिंगरी बोलली.

"माझ्यामुळे झालं. मी मागे हलत होते. गाडी भिंतीला घासली."

"किती वेळा सांगितलंय, नीट बसायचं! आजोबांचं वय काय आणि तू काय करतेस मागे? काही झालं असतं म्हणजे?"

भिंगरी मान खाली घालून उभी राहिली. आजोबा दाराशी उभे राहिले. ते बोलतील असे मला वाटले. आयुष्यात कोणाला खरचटू न देणारा तो माणूस, त्याच्या समोर त्याची नात त्याच्या चुकीसाठी बोलणी खात होती, आणि त्याने किल्ली अडकवायला हात वर केला. खिळा जिथे पूर्वी होता, तिथे. किल्ली खणकन खाली पडली. भिंगरीने ती चटकन उचलली आणि नव्या खिळ्याला लावली, जसे काही झालेच नाही.

जेवण झाल्यावर मुलगी उरलेल्या अर्ध्या दिवसासाठी प्रयोगशाळेत गेली, आजी आत आडव्या झाल्या. आजोबा माझ्यात बसले. थोड्या वेळाने भिंगरी आली आणि त्यांच्या मांडीत शिरली. आता ती मांडीत मावत नाही. पाय माझ्या हातावरून बाहेर लोंबत होते. रडून थकलेल्या मुलांना लागते तशी तिला झोप लागली. तिचा हात आजोबांच्या छातीवर होता.

बाहेर रस्त्यावर कोणाचा तरी हॉर्न वाजला. भिंगरी जागी झाली नाही. पण तिचे बोट हलले. आजोबांच्या छातीवर एक टकटक. थांबली. पुन्हा एक. पुन्हा एक. झोपेत तिचा श्वास भरभर चालू झाला आणि बोट जोरजोरात आपटू लागले. दोन कधीच नाही, दर वेळी एकच. थांबा. थांबा. थांबा.

आजोबांनी तो इवलासा हात आपल्या हातात धरला. तरी मुठीत बोट हलतच होते. मग त्यांनी डोळे मिटले. बस चालवली तेवढी वर्षे मी त्यांच्या आसनामागे होते, आणि नंतरची सगळी वर्षे त्यांच्या पाठीशी. पण त्यांना रडताना मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिले. ते अजिबात हलले नाहीत. तिची झोप मोडू नये म्हणून.

मित्रांनो, खुर्चीला रंग द्या, तिचे खिळे ठोका, तिला उन्हा-पावसात ठेवू नका, असे मी सांगू शकते, आणि ते खरेही आहे. पण माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरातही एखाद्या म्हाताऱ्या माणसाची ठरलेली जागा असेल. ती जागा कधी बोटभर सरकली, तर नवी वस्तू आणण्याआधी खाली वाकून फरशी पाहा. का सरकली, ते विचारा. पहिल्या वेळी ते वाऱ्याचे नाव सांगतील, उन्हाचे सांगतील. पुन्हा विचारा. आणि मोठ्यांचे एखादे ओझे तुमच्या पाठीवर आले, आणि 'हे आपल्या दोघांचं' असे कोणी म्हणाले, तरी ते एकट्याने वाहू नका. तुमची पाठ अजून लहान आहे.

त्या संध्याकाळी मुलगी घरी आली. आजी डाळ निवडत बसल्या होत्या. टीव्ही चालू होता, त्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. आजोबा उठले आणि त्यांनी माझी पाठ दोन्ही हातांनी धरली.

"भिंगरी," ते म्हणाले, "ही खुर्ची तिच्या जागेवर न्यायचीय. पहिल्या जागेवर. फरशीवर काळे गोल आहेत बघ. मला नाही दिसायचे. तू मास्तर हो."

भिंगरी उठून त्यांच्यामागे उभी राहिली. तिने आईकडे पाहिले, मग आजोबांच्या पाठीवर बोट टेकवले. दोन टकटक.

आजोबांनी मला टीव्हीकडे तोंड करून वळवले आणि मागे ओढू लागले. मी अंधुक वर्तुळांवरून गेले, मग त्याहून गडद, मग त्याहून गडद. रबर फरशीवर कुरकुरत होते. डाव्या खांद्याला स्पर्श झाला. ते किंचित उजवीकडे सरले. मुलगी हातातली पिशवी खाली ठेवायची विसरून हे पाहत होती. तिची नजर पहिल्यांदाच खाली गेली, आणि फरशीवर खुणांची ती रांग तिने पाहिली, भिंतीच्या दिशेने गेलेली.

एक टकटक.

माझे चारही पाय आपापल्या वर्तुळांत होते. आजोबा बसले.

"बाबा," मुलीचा आवाज चमत्कारिक झाला होता. "एवढ्या लांबून दिसेल तुम्हाला?"

"कुठूनच दिसत नाही, बाळ."

आजींचा हात डाळीत तसाच राहिला. मुलीने टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावर माणसे तोंडे हलवत राहिली. भिंगरी माझ्या डाव्या हाताला, जिथे तिने लहानपणी दात रुतवले होते, तिथे धरून उभी होती. आजोबांनी चाचपडत तिचा हात शोधला आणि आपल्या हातात घेतला.

"आरसा हिने नाही फोडला. मी फोडला," ते म्हणाले. "उद्यापासून मी स्कूटर चालवणार नाही."